कथेसाठी मदत हवी: खाणपट्ट्यातली पोटनिवडणूक आणि काठावरचा निकाल

बर्डीवाला (धागाकर्ता) · सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. दिवाळी अंकासाठी एक दीर्घकथा लिहायला घेतली आहे. मी जन्मभर सीताबर्डीत राहिलेला माणूस. नोकरी बँकेत. खाण पाहिली ती उमरेडला जाताना बसच्या खिडकीतून दिसली तेवढीच. म्हणून इथल्या जाणकारांना शरण आलोय.

सांगाडा असा. जिल्हा काल्पनिक, नाव खापरमाळ. नकाशावर शोधू नका. कोळशाच्या खाणी, उरलेल्या जमिनीत कपाशी आणि धान. तिथले आमदार वारतात आणि खापरमाळ जिल्ह्याची पोटनिवडणूक लागते. एकीकडे आमदारांच्या पत्नी, ज्यांना सगळा जिल्हा 'वहिनी' म्हणतो. दुसरीकडे खाणीतला जुना कामगार पुढारी. प्रचार रंगतो, आणि शेवटी दोघांना अगदी सारखी मतं पडतात. कलेक्टर खिशातून रुपया काढतात, हवेत उडवतात. नाणं हवेत असतानाच कथा संपते.

यात काय चुकतंय ते बिनधास्त सांगा. नाण्याचा शेवट मात्र मला फार आवडलाय, तो सोडून बाकी काहीही बदलेन.

---

संत्रा_बर्फी · सोमवार, रात्री ९:३०

नाणं हवेत असताना कथा संपली तर वाचक तुम्हाला शोधत बर्डीवर येतील. बाकी जाणकार बोलतीलच. मी तर्री-पोहा घेऊन बसलोय.

---

निवृत्त_नायब · सोमवार, रात्री १०:०५

क्षमस्व, पण जो शेवट आवडलाय तोच आधी जाणार.

नाणं नसतं. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१, कलम ६५. मतं समसमान झाली तर निवडणूक निर्णय अधिकारी सोडत काढतो, आणि जिच्या नावाची चिठ्ठी निघेल तिला एक जादा मत मिळालं असं धरून निकाल देतो. चिठ्ठ्या, डबा, एखादं लहान मूल. २०१७ ला मुंबई महापालिकेत अतुल शहा आणि सुरेंद्र बागलकर यांचा फैसला असाच चिठ्ठीवर झाला होता. (ती निवडणूक राज्य निवडणूक आयोगाची, कायदा वेगळा, पण पद्धत तीच.)

दुसरं, तिथे कलेक्टर नसतात. म्हणजे असतात, पण जिल्हा निवडणूक अधिकारी म्हणून. विधानसभेचा निवडणूक निर्णय अधिकारी बहुधा उपविभागीय अधिकारी किंवा उपजिल्हाधिकारी. निकालाचा कागद त्याच्या सहीने निघतो. रात्रभर जागलेला, घसा बसलेला, चाळिशीतला माणूस. तुमच्या कथेला कलेक्टरपेक्षा तो बरा.

तिसरं, जिल्ह्याची पोटनिवडणूक नसते, मतदारसंघाची असते. आचारसंहिता मात्र साधारणपणे सगळ्या जिल्ह्याला लागते. शेजारच्या तालुक्यातल्या ज्या सरपंचाचा या निवडणुकीशी काडीचा संबंध नाही त्याचं नवं काम अडकतं आणि तो कार्यालयात येऊन आमच्या नावाने बोटं मोडतो. हे पात्र फुकट घ्या.

चौथं आणि महत्त्वाचं. आमदार कधी वारले? जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत निवडणूक घ्यायची, कलम १५१-अ. पण उरलेली मुदत वर्षापेक्षा कमी असेल तर नाही. कथेत तारखा घाला.

---

मुळा_मुठा · सोमवार, रात्री १०:४१

सहा महिने? हा हा. आमच्या पुण्याचे खासदार गिरीश बापट मार्च २०२३ मध्ये गेले. पोटनिवडणूक अजून व्हायचीय.

---

काळा_कोट · सोमवार, रात्री ११:२०

पुण्याच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये निवडणूक घ्या म्हणून आदेश दिला होता. जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि तोवर सार्वत्रिक निवडणूकच आली.

पण मुळाभाऊ, पुण्याचा गाजावाजा तरी झाला. त्याच वर्षी ३० मेला चंद्रपूरचे खासदार बाळू धानोरकर गेले. कोळसा, सिमेंट, वीज, सगळं देणारा जिल्हा २०२४ च्या निकालापर्यंत खासदाराविना राहिला. त्यावर कुठे चर्चा झालेली आठवते का?

आणि उलट बाजूही आमच्याच नागपूर खंडपीठाची. २०१९ ला काटोलची आणि २०२४ ला अकोला पश्चिमची जाहीर झालेली पोटनिवडणूक खंडपीठाने रद्द केली. मुद्दा असा की निवडून येणाऱ्याला वर्षसुद्धा मिळणार नसेल तर कलमातला अपवाद लागू होतो. म्हणजे मुदत आमदार वारले त्या दिवसापासून मोजायची की नवा आमदार येईल त्या दिवसापासून, यावर खरी लढाई आहे. बर्डीवाले, तुमच्या आमदारांना किमान दोन वर्षं शिल्लक असताना मारा.

---

संत्रा_बर्फी · सोमवार, रात्री ११:२६

'किमान दोन वर्षं शिल्लक असताना मारा.' वकिलांना लेखी सल्ला देताना जरा भान असावं.

---

दुसरी_पाळी · मंगळवार, सकाळी ६:५०

मी ३४ वर्षं खाणीत काढली. सर्व्हे विभागात होतो, आता मानेवाड्याला राहतो. झोप अजून पहिल्या पाळीचीच आहे म्हणून इतक्या सकाळी लिहून राहिलो.

बर्डीवालेभाऊ, तुमचा कामगार पुढारी कोणत्या सालातला आहे बाप्पा? १९७३ मध्ये खाणी सरकारी झाल्या त्यानंतर वीसेक वर्षं असे पुढारी होते. एका हाकेवर पाळी बंद पडे. तेव्हा जमिनीखालची खाण, माणसं हजारोंनी, सगळी एका कॉलनीत. आता बहुतेक उघड्या खदानी. एक मोठं यंत्र, चार डंपर, आणि माती काढायचं काम ठेकेदाराकडे. ठेकेदाराचा ड्रायव्हर बाहेरून आलेला, त्याचं मत त्याच्या गावी. कायम नोकरीवाला निवृत्त झाला की नागपूरला घर बांधतो, माझ्यासारखा. मग पुढाऱ्यामागे मतं कोणाची?

त्याच्यामागे असतात ते प्रकल्पग्रस्त. त्यांची भाषा ऐका. ते कोळसा असा शब्दसुद्धा कमी वापरतात. 'आमच्या गावाला सेक्शन चार लागला', 'तिकडे सेक्शन नऊ झाला'. १९५७ चा कोळसा धारक क्षेत्राचा कायदा आहे, त्यातली कलमं. चार म्हणजे शोध घेणार, सात म्हणजे घ्यायचा इरादा, नऊ म्हणजे घेतली. सातनंतर तीस दिवसांत हरकत. चार लागला की लोक घर दुरुस्त करणं सोडून देतात, पोरीचं लग्न जमेना होते, आणि नऊ लागायला कधी कधी वर्षानुवर्षं जातात. तुमच्या कथेतला निम्मा तालुका या चार आणि नऊच्या मधात लटकलेला दाखवा. तोच मतदार.

आणि एक गंमत. निवडणूक पूर्ण खदानीवर लढली जाते: दोन एकराला एक नोकरी, जमिनीचा भाव, धूळ, घराच्या भिंतीच्या भेगा. पण यातलं आमदाराच्या सहीने काय होते? कोळसा केंद्राचा, कंपनी केंद्राची, कायदा केंद्राचा. आमदाराचा जोर चालतो ठेकेदाराकडे पोट्टे लावून देण्यात, ट्रकच्या धंद्यात, आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या पैशात. तो पैसा मोठा आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर खाणवाल्याला रॉयल्टीच्या वर, जुन्या पट्ट्यासाठी रॉयल्टीच्या ३० टक्के आणि लिलावातल्या पट्ट्यासाठी १० टक्के रक्कम त्यात भरावी लागते. खाणीने ज्यांचं नुकसान केलं त्यांच्यासाठी तो पैसा. आता तो धुळीतल्या गावात लागते की जिल्ह्याच्या गावी चौकाचं सुशोभीकरण होते, हे आमदार कोण त्यावर आहे. वहिनी आणि पुढारी यांचं खरं भांडण इथं लावा.

---

बर्डीवाला · मंगळवार, सकाळी ८:१५

दुसरी_पाळी काका, दंडवत. माझ्या पुढाऱ्याच्या हातातला लाल झेंडा आणि डोक्यावरचं दिव्याचं हेल्मेट आत्ताच काढून घेतलंय.

नाणंही सोडलं. पण निकाल काठावरच हवा. किती काठावर पटेल? शंभर? दहा? एक?

---

काळा_कोट · मंगळवार, सकाळी १०:०२

एकही पटेल. राजस्थानात नाथद्वाऱ्याला २००८ मध्ये सी. पी. जोशी एका मताने हरले, ६२,२१५ विरुद्ध ६२,२१६. मुख्यमंत्रिपदाच्या शर्यतीतला माणूस.

आपल्याकडे २०२४ च्या विधानसभेला साकोलीत नाना पटोले २०८ मतांनी आले, मालेगाव मध्यला १६२. पण कथाकाराने अभ्यासावा तो मुंबई वायव्यचा लोकसभेचा निकाल. यंत्रांच्या मोजणीत अमोल कीर्तिकर ४,५१,०९५ आणि रवींद्र वायकर ४,५१,०९४. एका मताचा फरक! मग टपाली मतं मिळवली: वायकर १,५५०, कीर्तिकर १,५०१. वायकर ४८ ने विजयी. साडेचार-साडेचार लाख माणसं बटणं दाबून जवळजवळ बरोबरीत थांबतात आणि फैसला पाकिटांवर होतो.

---

निवृत्त_नायब · मंगळवार, सकाळी १०:३०

पुस्ती: बाद टपाली मतांची संख्या विजयाच्या फरकापेक्षा जास्त असेल तर ती सगळी बाद पाकिटं निकालाआधी पुन्हा तपासावीच लागतात. बाद होण्याची कारणं पाहिलीत तर हसाल आणि रडालही. घोषणापत्रावर सही नाही, साक्षांकन नाही, मतपत्रिका चुकीच्या पाकिटात. आणि हे मतदार कोण? बरेचसे आमचेच, निवडणुकीच्या कामावरचे कर्मचारी. इतरांना नियम शिकवून आलेले.

---

संत्रा_बर्फी · मंगळवार, सकाळी १०:४४

पुढाऱ्यासमोर त्याच्याच नावाचा अपक्ष उभा करा ना. नाहीतर पिपाणी, म्हणजे तुतारीशी गल्लत होणारं चिन्ह. २०२४ ला साताऱ्यात पिपाणीवाल्या अपक्षाला पडलेली मतं विजयाच्या फरकापेक्षा जास्त होती. कथा तिथेच संपली.

---

मुळा_मुठा · मंगळवार, सकाळी ११:१०

त्यावर इथे सहाशे प्रतिसादांचा धागा होऊन गेलाय. कृपया नको.

---

खडू_फळा · मंगळवार, दुपारी ४:२०

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. आजवर पाच वेळा केंद्रावर होते, दोनदा केंद्राध्यक्ष म्हणून. मतदानाचा दिवस लिहिणार असाल तर थोडं माझ्याकडून.

दिवस आदल्या सकाळीच सुरू होतो. साहित्य घ्यायची रांग, यंत्रांचे क्रमांक जुळवणं, मग ट्रकमधून गाव. एकदा खाणीच्या काठच्या गावात केंद्र आलं होतं. शाळेच्या दोन्ही खोल्यांच्या भिंतींना भेगा, एक तर इतकी रुंद की मुलांनी त्यात खडूचे तुकडे ठेवले होते. दुपारी आम्ही टेबलं लावत होतो आणि एकदम जमीन खालून ढकलल्यासारखी हलली. मी बाहेर पळाले. पटांगणात एक बाई तांदूळ निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, 'दोन वाजले मॅडम.' रोजचा स्फोट. त्यांचं घड्याळच ते.

पोटनिवडणूक उन्हाळ्यात घ्या. २०१८ ला भंडारा-गोंदिया लोकसभेची पोटनिवडणूक २८ मे रोजी होती. नाना पटोलेंनी राजीनामा दिलेली जागा. चिठ्ठी दाखवणारी यंत्रं ठिकठिकाणी रुसली आणि ४९ केंद्रांवर ३० तारखेला फेरमतदान घ्यावं लागलं. तेव्हापासून प्रशिक्षणात बजावतात की यंत्रावर थेट उजेड पडू देऊ नका. खिडकीजवळ नको, दिव्याखाली नको. आणि शाळेत एकुलता एक दिवा नेमका तिथेच!

सकाळी दीड तास आधी चाचणी मतदान. किमान ५० मतं टाकायची, प्रतिनिधींसमोर मोजून दाखवायची, मग यंत्र कोरं करायचं, मग खरं मतदान. सहाला रांग असेल तर शेपटाकडून चिठ्ठ्या वाटत यायचं, म्हणजे मागून कुणी घुसत नाही. हे असलं सगळं डोक्यात ठेवून, पहाटे चारपासून उपाशी, आणि चुकलात तर निलंबन. माझा नवरा म्हणतो तुला युद्धावर पाठवलं तर इतकी घाबरणार नाहीस.

---

प्लॉट_११२ · मंगळवार, रात्री ९:४८

पहिल्यांदाच लिहितेय इथे. आजवर फक्त वाचत होते.

मी ज्या गावची, ते गाव आता नाही. आमच्या घराच्या जागी खोल खड्डा आहे आणि त्यात हिरवं पाणी. बाजूला मातीचा ढिगारा, त्यावर बाभळी उगवल्यात. गावचे लोक तीन दिशांना गेले. काही पुनर्वसनाच्या प्लॉटवर, काही नोकरी लागली म्हणून कॉलनीत, आणि आमच्यासारखे पैसे घेऊन नागपूरला. आम्ही हुडकेश्वरकडे.

पण मतदार यादीत गाव अजून आहे! यादीचा तो भाग, त्यावर गावाचं नाव, घर क्रमांकासकट. केंद्र शेजारच्या गावच्या शाळेत, दोन नंबरची खोली. मतदानाच्या दिवशी सगळे तिथे येतात. आमच्याकडे आता ना देऊळ त्या जागी, ना बैलपोळा, ना कुणाचं लग्न सगळ्यांना जमतं. गाव एकत्र येतं ते फक्त मतदानाला. माझी आजी नवं लुगडं नेसते. म्हाताऱ्या एकमेकींच्या गळ्यात पडून रडतात, कोण गेलं कोण राहिलं ते सांगतात. पोलीस म्हणतो रांग करा, आणि या म्हाताऱ्या आपसूक जुन्या घरांच्या क्रमाने उभ्या राहतात. आळीप्रमाणे. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

बर्डीवाले दादा, तुमच्या कथेत हे बसलं तर बघा.

---

बर्डीवाला · मंगळवार, रात्री १०:१५

ताई, मी तीन वेळा वाचलं. कथा बहुतेक तुमच्या गावातच आहे.

---

निवृत्त_नायब · बुधवार, सकाळी ९:०५

११२ ताई, तुमचा प्रतिसाद वाचून मलाही भरून आलं. तरी नियम सांगणं भाग आहे. यादीत नाव 'सामान्य रहिवासी' असलेल्या ठिकाणी असावं लागतं. नागपूरला कायमचे गेलात तर नमुना ८ भरून नाव हलवायचं. पाच-पाच, दहा-दहा वर्षं नाव जुन्या जागी ठेवणं योग्य नाही. अशीच नावं मग बोगस मतदानाला वापरली जातात, हे मी पाहिलंय. म्हणून केंद्राध्यक्षाकडे गैरहजर, स्थलांतरित आणि मृत मतदारांची वेगळी यादी देतात.

---

प्लॉट_११२ · बुधवार, दुपारी १:३०

काका, राग मानू नका. घर पाडायचं होतं तेव्हा नोटीस बरोबर दारावर आली, नावातली वेलांटीसुद्धा चुकली नव्हती. यादीतून नाव कुठे हलवायचं हे सांगायला आजवर कुणी आलं नाही. आणि ज्यांना प्लॉट मिळाले त्यांचं नवं गावठाण कागदोपत्री गाव झालं नव्हतं कित्येक वर्षं. ते कोणत्या गावचे सामान्य रहिवासी होते, सांगा ना. खड्ड्याचे?

बोगस म्हणता. आमच्या आजीचं नाव त्या स्थलांतरितांच्या यादीत होतं. तिला बाजूला उभं केलं, तिचे कागद दोनदा पाहिले, अंगठा घेतला. ती घरी येऊन म्हणाली, 'मी तर कुठे गेली नव्हती. गाव गेलं.'

---

दुसरी_पाळी · बुधवार, दुपारी २:०० (हो, बरोबर दोन)

नायबसाहेब, या मोजणीत मी होतो. म्हणजे खदानीच्या. गावाच्या नकाशावर आम्ही रेघ मारतो ना, ती रेघ मारताना कोणी मतदार यादी समोर ठेवत नाही. इतकंच सांगतो.

---

काळा_कोट · बुधवार, सायंकाळी ६:४०

दोघांचंही बरोबर आहे, म्हणूनच हे कथेत शोभेल.

नाव वगळायचं तर आधी नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. अर्ज भरायच्या शेवटच्या मुदतीनंतर यादीत ना नाव घालता येतं, ना काढता येतं. आणि यादीत ज्याचं नाव आहे त्याला, तो अपात्र नसेल तर, मताचा अधिकार आहे, कलम ६२. स्थलांतरितांच्या यादीत असलेला माणूससुद्धा ओळख पटली तर मत देतो. म्हणजे आजी पूर्ण कायदेशीर. मात्र हुडकेश्वरलाही नाव नोंदवून दोन्हीकडे ठेवलं असेल तर तो गुन्हा.

आता कथेसाठी ठिणगी. हरलेली बाजू म्हणेल ही मतं धरू नका. मतदानाच्या वेळी प्रतिनिधी आक्षेप घेऊ शकतो, प्रत्येक आक्षेपाची अनामत दोन रुपये. होय, दोनच. त्या खोलीत बसलेला एक पोरगा खिशात दोन-दोनची नाणी घेऊन बसलाय आणि प्रत्येक म्हातारीमागे एक टेबलावर ठेवतोय, असं दृश्य डोळ्यांसमोर आणा. बर्डीवाले, तुम्हाला नाणं हवं होतं ना?

आणि या म्हाताऱ्या हुडकेश्वरहून आल्या कशा? उमेदवाराने किंवा त्याच्या प्रतिनिधीने भाड्याची गाडी पाठवली असेल तर कलम १२३(५), मतदारांची फुकट वाहतूक, भ्रष्ट आचरण. निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात याचिका. कथेतला जिल्हा विदर्भातला असेल तर ती सिव्हिल लाइन्सला आमच्याकडेच येणार.

---

प्लॉट_११२ · बुधवार, रात्री ८:०२

गाडी आम्ही वर्गणी काढून केली होती. माणशी ऐंशी रुपये. हिशोबाची वही काकाकडे आहे :)

---

संपादक मंडळ · बुधवार, रात्री ९:००

चर्चा उत्तम चालू आहे. खऱ्या पक्षांवर घसरू पाहणारे दोन प्रतिसाद उडवले आहेत.

---

बर्डीवाला · गुरुवार, रात्री ११:५५

आज ऑफिसातून आल्यापासून लिहितोय. नवा शेवट असा, तपासून द्या.

मतमोजणी. पहिल्या फेरीपासून वहिनी पुढे, मग मागे, मग पुढे. गेलेल्या गावाच्या केंद्रावर केंद्राध्यक्ष बाई सकाळच्या गडबडीत चाचणी मतं पुसायला विसरल्यात. त्यामुळे ते एक यंत्र बाजूला ठेवलंय. बाकी सगळं मोजून होतं आणि फरक निघतो ३७. त्या यंत्रातली मतं ३७ पेक्षा कितीतरी जास्त. म्हणजे आता फैसला त्या गावावर. हे असं होऊ शकतं का? एका मित्राकडून ऐकलं, खात्री नाही.

---

निवृत्त_नायब · शुक्रवार, सकाळी ७:१०

होऊ शकतं. शाब्बास.

चाचणी मतं न पुसलेलं यंत्र आधी मोजत नाहीत, बाजूला ठेवतात. शेवटी विजयाचा फरक अशा केंद्रांवरच्या एकूण मतांपेक्षा जास्त असेल तर ते यंत्र तसंच राहतं, त्याला कुणी विचारत नाही. फरक तेवढा किंवा कमी असेल तर चिठ्ठ्या मोजायच्या. यंत्रातला आकडा नव्हे, कागदी चिठ्ठ्या. उमेदवारनिहाय कप्पे, पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. मतदाराने आदल्या दिवशी काचेतून सात सेकंद पाहिलेली ती चिठ्ठी. दीड-दोन तास सहज जातात. बाहेर ढोल थांबलेले, गुलालाची पोती तोंड बांधून ठेवलेली.

'आदल्या दिवशी' कापा, मतमोजणी दोन-चार दिवसांनी असते. माझी चूक.

---

खडू_फळा · शुक्रवार, सकाळी ७:४५

त्या केंद्राध्यक्ष बाईंना दुष्ट करू नका हं. पैसे खाल्लेत असं तर मुळीच नको. पहाटे त्या यंत्र मोजून दाखवतायत, तेवढ्यात रांगेतून दोन म्हाताऱ्या एकमेकींना ओळखून आत येतात आणि खोलीतच रडायला लागतात. बाई त्यांना पाणी देतात. पुसायचं राहून जातं. मी असते तर माझ्या हातूनही राहिलं असतं.

---

बर्डीवाला · शुक्रवार, सकाळी ८:२०

मॅडम, हे तुमच्या परवानगीने जसंच्या तसं घेतोय. केंद्राध्यक्ष बाई निलंबित होतील, ते मात्र टाळता येणार नाही.

११२ ताई, गावाचं नाव काय ठेवू? तुमचं खरं नाव वापरणार नाही.

---

प्लॉट_११२ · शुक्रवार, दुपारी १२:३५

आजीला विचारलं. ती म्हणते नाव काहीही ठेवा, पण गावात एक वड असू द्या आणि वडाखाली पिठाची गिरणी. आमच्याकडे होती म्हणून नाही, आमच्याकडे नव्हती. दळण घेऊन दुसऱ्या गावाला जावं लागायचं.

---

दुसरी_पाळी · शुक्रवार, दुपारी १:१०

गिरणी ठेवा भाऊ. नकाशात मी टाकून देतो.

---

संत्रा_बर्फी · शुक्रवार, दुपारी १:१५

सगळं झालं, पण वहिनी आल्या की पुढारी?

---

बर्डीवाला · शुक्रवार, दुपारी १:४०

अजून पंचवीसचे गठ्ठे चालू आहेत.

---

निवृत्त_नायब · शुक्रवार, दुपारी १:५२

बर्डीवाले, एक राहिलं. चाचणीच्या ५० चिठ्ठ्या यंत्राच्या खोक्यातून काढून, मागे शिक्का मारून, काळ्या पाकिटात सीलबंद करायच्या असतात. तुमच्या बाई यंत्र पुसायला विसरल्या, पण चिठ्ठ्या काढल्या होत्या की नाही? नसतील काढल्या तर गठ्ठ्यात ५० जास्त येतील आणि चाचणीच्या प्रमाणपत्रावर कुणाला किती दिली होती ते पाहून वजा करावी लागतील. ३७ च्या फरकात ५० चिठ्ठ्या म्हणजे गंमत नाही. आधी हे ठरवा, मग गठ्ठे मोजा.